प्लेगच्या साथीतील वार्ता आणि साक्ष : पुणे, १८९७

१

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष मृत्युसंख्या, औषधोपचार आणि सरकारी उपाययोजना यांकडे प्रथम वळावे हे स्वाभाविक आहे. परंतु साथीचा अनुभव समाजाला येतो तो केवळ रोगाच्या रूपाने नव्हे, तर वार्तेच्याही रूपाने. कोणत्या वाड्यात कोण आजारी पडले, कोणाला रुग्णालयात नेले, कोणाचे सामान जाळले, या गोष्टी बहुतेकांना कोणाच्या तरी सांगण्यावरूनच कळतात. सरकारने योजलेले उपाय योग्य की अयोग्य, याविषयीचा सार्वजनिक वादही याच सांगण्याच्या पायावर उभा राहतो. तेव्हा हे सांगणे कोणाचे, ते कोणत्या वाटेने आले, आणि त्यावर विश्वास ठेवण्यास आधार कोणता, हे प्रश्न साथीच्या इतिहासात दुय्यम मानून चालणार नाही.

पुणे शहरातील १८९७ सालच्या प्लेगचा विचार प्रस्तुत निबंधात या दृष्टीने केला आहे. त्या वर्षीच्या घटना मराठी वाचकांना सामान्यतः परिचित आहेत. रँडशाही, चापेकर बंधू, लोकमान्य टिळकांवरील पहिला राजद्रोहाचा खटला, या क्रमाने त्या सांगितल्या जातात. या क्रमात एक दुवा मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. शेकडो घरांतून लोकांनी जे सोसले ते वार्तेच्या रूपाने शहरभर, किंबहुना विलायतेपर्यंत पोचले. परंतु ग्राह्य साक्षीच्या रूपाने ते कोठेही नोंदले गेले नाही. वार्ता आणि साक्ष यांच्यामधील हे अंतर का पडले, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२

मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत रोग पुण्यात येऊन स्थिरावला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा, म्हणजे १८९७ चा तिसरा कायदा, संमत झाला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. दुसऱ्या कलमाने सरकारला आवश्यक वाटतील ते नियम करण्याचा अधिकार मिळाला. तिसऱ्याने नियमभंगास शिक्षा ठरविली. चौथ्याने सद्‌हेतूने कार्य करणाऱ्यांस दाव्यापासून संरक्षण दिले. नुकसानभरपाईचा उल्लेख त्यात ओझरता येतो. परंतु ज्यांच्यावर नियमांचा अंमल व्हावयाचा, त्यांची तक्रार कोणी व कशी ऐकावी याविषयी कायदा मौन पाळतो. पुढील सर्व घटनांच्या मुळाशी हे मौन आहे, हे ध्यानात ठेवणे इष्ट होईल.

मार्च १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यासाठी विशेष प्लेग कमिटी नेमण्यात आली. घरोघरच्या झडतीचे काम १३ मार्च रोजी सुरू होऊन १९ मे रोजी संपले. या कामावर डरहॅम लाइट इन्फंट्री या पलटणीचे गोरे सैनिक होते. त्यांनी घरात शिरून रुग्ण व संशयित शोधावेत, रुग्णास रुग्णालयात आणि त्याच्या सहवासातील माणसांस शहराबाहेरच्या छावणीत पाठवावे, घर जंतुनाशकांनी धुवून काढावे, सामान जाळावे अथवा उन्हात टाकावे, असा एकंदर कार्यक्रम होता.

या उपायांचे शास्त्रीय मूल्य आज ठरविता येते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. परंतु उंदरांवरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात हा सिद्धांत पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली मांडला, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे १८९७ च्या वसंतात झडती घेणारे अधिकारी आणि त्यांच्यावर टीका करणारे संपादक, हे दोघेही रोगप्रसाराच्या मुख्य कारणाविषयी सारखेच अंधारात होते. उभयपक्षी जे काही निश्चितपणे ठाऊक होऊ शकत होते, ते एवढेच की झडतीच्या वेळी घरात काय घडले. आणि नेमकी तीच गोष्ट सिद्ध करणे सर्वांत कठीण ठरले.

३

या काळी पुण्यात वार्ता तीन वाटांनी फिरत असे : साप्ताहिक पत्रे, खाजगी पत्रव्यवहार आणि तोंडी बोलणे.

टिळकांचे वास्तव्य त्या वेळी सदाशिव पेठेतील विंचूरकर वाड्यात होते. मंगळवारी निघणारा मराठी ‘केसरी’ आणि रविवारी निघणारा इंग्रजी ‘मराठा’ ही दोन्ही साप्ताहिके त्यांच्या हाती होती. साप्ताहिकाच्या गतीला मर्यादा असते. बुधवारी घडलेली गोष्ट छापून येईपर्यंत तिच्या चार आवृत्त्या पेठेत फिरून गेलेल्या असत. शिवाय साक्षरता थोडी असल्यामुळे पत्र एकाने वाचावे व अनेकांनी ऐकावे अशी रीत होती. त्यामुळे छापील मजकूर पुन्हा तोंडी वार्तेत मिसळून जाई. साथीच्या भीतीने अनेक कुटुंबे शहर सोडून गेली होती. त्यांना मागे राहिलेल्यांची खबर पत्रांतून कळे, आणि त्या पत्रांत डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले शेजारी शेजारी नांदत असे.

‘केसरी’ची भूमिका आरंभापासून निव्वळ विरोधाची होती, हा समज बरोबर नाही. रुग्ण वेगळे ठेवणे आवश्यक आहे हे टिळकांस मान्य होते. ते स्वतः शहरात राहिले. शहर सोडून जाणाऱ्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली. हिंदू रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्याच्या कामात त्यांचा पुढाकार होता. त्यांचा आक्षेप होता तो उपायांच्या अंमलबजावणीवर : सैनिकांच्या वर्तनावर, आणि स्थानिक माणसांस विश्वासात न घेण्यावर. एप्रिल-मे महिन्यांत ही टीका अधिकाधिक तीव्र होत गेली.

मात्र या वाटांनी सर्वांचे दुःख सारख्या प्रमाणात वाहत नव्हते. सत्यशोधक परंपरेतील ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगच्या रुग्णांसाठी खटपट करीत असता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच मरण पावले. पुण्यात सावित्रीबाई फुले यांना रुग्णांची शुश्रूषा करताना रोगाची लागण झाली आणि १० मार्च रोजी, म्हणजे झडत्या सुरू होण्यापूर्वी तीन दिवस, त्यांचे निधन झाले. श्रमजीवी व अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांचे म्हणणे ज्यांच्या मुखाने मांडले जावे, अशी दोन माणसे एका महिन्यात गेली. पुढील दोन महिन्यांचा जो वृत्तांत उपलब्ध आहे, तो मुख्यतः पेठांतील साक्षर घरांचा आहे, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

४

वार्तेची विश्वसनीयता हा केवळ सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नसतो. भाषेच्या घडणीशीही त्याचा संबंध असतो. स्वतः पाहिलेली आणि दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट यांतील भेद दाखविण्याची सोय मराठीत चांगली आहे. ‘म्हणणे’ या क्रियापदापासून निघालेले ‘म्हणे’ हे अव्यय वाक्यास जोडले की सांगणारा त्या विधानाच्या जबाबदारीतून बाजूला होतो. ‘शिपाई देवघरात शिरले’ आणि ‘शिपाई देवघरात शिरले म्हणे’ या दोन वाक्यांतील घटना एकच आहे. परंतु पहिल्यात बोलणारा साक्षीदार आहे, दुसऱ्यात केवळ वाहक आहे. वृत्तपत्रांतील ‘असे कळते’, ‘असे समजते’ हे प्रयोग याच कुळातले. त्यांत कळविणाऱ्याचे नाव व्याकरणदृष्ट्याच लोप पावते. हा लोप पुष्कळदा हेतुपूर्वक असतो. कारण नाव उघड झाल्यास कळविणाराच अडचणीत यावयाचा.

ऐकीव वार्तेसाठी मराठीत शब्दही अनेक आहेत. ‘वदंता’ आणि ‘बोलवा’ यांत निषेधाचा सूर नाही. लोक बोलतात एवढेच त्यांतून सूचित होते. ‘कंडी’ मात्र कोणीतरी पिकवावी लागते. तिच्यात हेतूचा आरोप आहे. ‘अफवा’ हा शब्द मुळात अरबी असून त्याचा मूळ अर्थ ‘तोंडे’ असा आहे. आज त्याला खोटेपणाचा अर्थ जवळजवळ कायमचा चिकटला आहे. साथीच्या काळात सत्ता आणि समाज यांच्यातील संघर्ष पुष्कळदा याच शब्दांच्या निवडीवर येऊन ठेपतो. जे पेठेत बोलवा म्हणून फिरते, ते कचेरीत अफवा म्हणून नोंदले जाते.

यात भाषांतराची भर पडे. मुंबई सरकारचे ओरिएंटल ट्रान्स्लेटर यांचे कार्यालय देशी पत्रांतील मजकुराचा साप्ताहिक इंग्रजी सारांश अधिकाऱ्यांपुढे ठेवीत असे. सारांशात ‘म्हणे’चे काय करावयाचे, हा भाषांतरकारापुढील खरा पेच होय. ते गाळले तर ऐकीव गोष्ट संपादकाचे ठाम विधान बनते. ‘असा आरोप आहे’ असे त्याचे रूपांतर केले तर निरुपद्रवी अव्ययाला फिर्यादीचा वास येतो. आजच्या अभ्यासकांना त्या काळची देशी पत्रे पुष्कळदा या सारांशांतूनच वाचावी लागतात. तेव्हा ही अडचण केवळ त्या काळापुरती उरलेली नाही.

५

खाजगी पत्र ही दुसरी वाट किती नाजूक होती, हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले त्या वर्षी इंग्लंडात गेले होते. पुण्यातील मित्रांकडून त्यांना पत्रे येत. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या वार्ता त्या पत्रांत होत्या. लिहिणारी माणसे विश्वासातील असल्यामुळे गोखले यांनी त्या खऱ्या मानल्या. पार्लमेंटच्या काही सभासदांना त्यांनी त्या सांगितल्या, आणि जुलैच्या आरंभी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. तोपर्यंत पुण्यात २२ जून रोजी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आयर्स्ट जागीच मरण पावले आणि रँड ३ जुलै रोजी. अशा वेळी हे आरोप विलायतेत छापले जाताच त्यांचा गवगवा मोठा झाला. मुंबई सरकारने ते साफ नाकारले.

गोखले ३० जुलै रोजी मुंबईस परतले. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांच्याकडे त्यांनी पुरावा मागितला. परंतु नावानिशी पुढे येण्यास कोणी तयार नव्हते. टिळकांना तीनच दिवसांपूर्वी अटक झाली होती, आणि नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून स्थानबद्ध करण्यात आले होते. त्या वातावरणात साक्ष देण्याचे धाडस कोणाला व्हावे? गोखले यांनी मित्रांची नावे उघड केली नाहीत. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांची आणि सैनिकांची बिनशर्त माफी मागितली.

या माफीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी तिला दौर्बल्य म्हटले, कोणी सत्यनिष्ठा. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आरोप खोटा होता असे माफीने सिद्ध झाले नाही. तो सिद्ध करता आला नाही, एवढेच ठरले. पत्रातील वार्तेला लिहिणाऱ्याच्या अब्रूचे तारण पुरेसे होते. सार्वजनिक आरोपाला ते पुरेसे नव्हते. पुण्याहून लंडनला पोचेपर्यंत त्याच मजकुराचे स्वरूप बदलले होते, आणि त्याचा भार एकट्या गोखले यांच्यावर येऊन पडला.

६

आता सरकारी बाजूची नोंद पाहणे अवश्य आहे. कमिटीच्या कामाविषयीच्या अहवालात रँड यांनी समाधानाने नमूद केले आहे की, स्त्रियांचा हेतुपुरस्सर अवमान झाल्याची एकही विश्वसनीय तक्रार कमिटीकडे किंवा सैनिकांवरील अधिकाऱ्यांकडे आली नाही. हे वाक्य असत्य असेलच असे नाही. तक्रार ज्यांच्याविरुद्ध करावयाची त्यांच्याच वरिष्ठांकडे ती करावयाची होती. ती विश्वसनीय आहे की नाही हेही त्यांनीच ठरवावयाचे होते. अशा व्यवस्थेत तक्रारींचा अभाव हा सद्वर्तनाचा पुरावा ठरू शकत नाही.

पुण्यातील वाड्याची रचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील अडचण सहज उमगेल. दिंडीदरवाजा, चौक, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, असा बाहेरून आत जाणारा क्रम असे, आणि परक्या पुरुषाचा वावर ओटीपाशी संपे. माजघरात घडलेली गोष्ट ओटीवर येऊन सांगणे हेच मुळी अप्रतिष्ठेचे. मग ती कचेरीत जाऊन परकीय अधिकाऱ्यापुढे, नाव-गाव देऊन, दुभाष्यामार्फत सांगणे किती घरांना शक्य होते? सोसणाऱ्या स्त्रीचे म्हणणे आधी घरातील पुरुषाच्या तोंडी, मग शेजाऱ्याच्या, मग पत्रलेखकाच्या, असे प्रवास करी. आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला एक ‘म्हणे’ अधिक चिकटे. शेवटी जे छापले जाई त्यात घटना उरे, साक्षीदार नाहीसा होई.

या नियमाला एक ठळक अपवाद पंडिता रमाबाईंचा. आपल्या संस्थेतील मुलीला आलेल्या अनुभवाच्या आधारे मे १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात रुग्णालय व छावणीतील व्यवस्थेवर कडक टीका केली, आणि ती स्वतःच्या नावाने केली. स्त्री, स्वतंत्र संस्थेची चालक, इंग्रजीत लिहिणारी आणि इंग्लंड-अमेरिकेत परिचित, असे त्यांचे स्थान होते. त्यांना ‘म्हणे’चा आडोसा घ्यावा लागला नाही. तरीही सरकारने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. मग ज्या स्त्रीपाशी यांपैकी एकही साधन नव्हते, तिच्या शब्दाला वजन कोठून येणार?

७

या कोंडीचा शेवट दोन प्रकारे झाला. एक प्रकार हिंसेचा. झडत्या १९ मे रोजी थांबल्या होत्या. त्यानंतर महिन्याभराने गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर हरी चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आली. बाळकृष्ण व वासुदेव हे त्यांचे बंधू आणि महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये. हत्येच्या कारणांत प्लेगच्या झडत्या हे एकच कारण नव्हते. परंतु दाद मागण्याच्या वाटा बंद असताना सूडाच्या कल्पनेला बळ येते, हे नाकारता येत नाही.

दुसरा प्रकार कायद्याचा. टिळकांवरील खटला प्लेगविषयक टीकेवरून नव्हता. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील शिवाजीउत्सवासंबंधीच्या मजकुरावरून होता. मराठी मजकुराची इंग्रजी भाषांतरे न्यायालयापुढे होती. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा कायद्यातील शब्दाचा अर्थ ज्यूरीस समजावून दिला. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले. १४ सप्टेंबर रोजी टिळकांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली, मुद्रक सुटले. पुढल्याच वर्षी, १८९८ च्या चौथ्या कायद्याने, दंडसंहितेतील राजद्रोहाचे कलम १२४अ विस्तारण्यात आले, वर्गावर्गांत वैर वाढविण्यासंबंधीचे १५३अ हे कलम नव्याने घालण्यात आले, आणि अफवा व खोटी वृत्ते यांविषयीचे ५०५ हे कलम नव्या रूपात आले. वार्ता पसरविणाऱ्यास शासन करण्याची सिद्धता अशी वाढली. वार्तेची चौकशी करण्याची सोय मात्र झाली नाही.

तथापि सरकारने काहीच धडा घेतला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुढील वर्षांत प्लेगविषयक धोरण क्रमाक्रमाने सौम्य होत गेले. बळजबरीऐवजी स्थानिक लोकांचे साहाय्य, शहराबाहेर झोपड्या बांधून राहणे आणि हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत सिद्ध केलेली लस, यांवर भर येऊ लागला. ‘केसरी’ने लोकांचा विश्वास संपादन करण्याविषयी जे म्हटले होते, त्याचा काही अंश अशा रीतीने धोरणात उतरला, परंतु तो फार मोठी किंमत मोजून.

८

१८९७ चा तो चार कलमांचा कायदा पुढे सव्वाशे वर्षे टिकला. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले दोन कोरोनाबाधित रुग्ण पुण्यातच आढळले, आणि त्याच आठवड्यात राज्य सरकारने या कायद्याखाली नियम जारी केले. २५ मार्चपासून देशभर संचार बंद झाला. कारखान्याच्या मालकाने घातलेल्या कुलुपासाठी रूढ असलेला ‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीने या नव्या अवस्थेस दिला. १८ एप्रिल रोजी राज्य सरकारने घरोघर वृत्तपत्रे टाकण्यास मनाई केली. तीनच दिवसांनी ती शिथिल झाली, तरी मुंबई-पुणे परिसरात चालू राहिली. ज्या पेठेत एके काळी साप्ताहिकाची वाट पाहिली जाई, तेथे छापील कागदच संसर्गाचा वाहक म्हणून संशयास्पद ठरला, आणि वार्ता दूरध्वनीच्या पडद्यावर आली. तेथे पुढे पाठविलेल्या संदेशात मूळ सांगणाऱ्याचे नाव नसे. ‘म्हणे’ हे अव्ययही नसे. ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या वेषातच दारी येई.

३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, साथीसंबंधी मुक्त चर्चेत हस्तक्षेप करण्याचा हेतू नसल्याचे सांगून, वृत्तमाध्यमांनी घडामोडींचे सरकारी निवेदन विचारात घेऊन ते प्रसिद्ध करावे असा निर्देश दिला. सरकारने रोज निवेदन काढावे असेही ठरले. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध संरक्षण आले. ही दुरुस्ती आवश्यकच होती. परंतु नियमांचा भार सोसणाऱ्या सामान्य माणसाची तक्रार स्वतंत्रपणे ऐकण्याची तरतूद या खेपेसही त्या कायद्यात आली नाही. परकीय राजवट आणि लोकनियुक्त सरकार यांत मूलभूत भेद आहे. स्वतंत्र न्यायालये व मुक्त मतदान यांमुळे १८९७ ची कोंडी जशीच्या तशी पुन्हा उद्भवू शकत नाही. तरीसुद्धा कायद्यातील ते जुने मौन अद्याप मोडलेले नाही.

उपर्युक्त विवेचनावरून इतिहासाच्या अभ्यासकांसाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, साथीच्या काळातील सरकारी कागदांत तक्रार आढळत नाही, यावरून अन्याय घडला नाही असा निष्कर्ष काढू नये. तक्रार कोणाकडे, कोणत्या भाषेत व कोणत्या धोक्यासह करावी लागत होती, हे आधी तपासावे. दुसरी, ऐकीव वार्ता असिद्ध आहे एवढ्यावरून ती टाकून देऊ नये आणि सिद्ध म्हणून स्वीकारूही नये. ती कोणकोणत्या मुखांतून आली याचा माग घ्यावा. १८९७ च्या झडत्यांत ज्यांच्या घरी पाऊल पडले, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांच्या वतीने आज साक्ष देता येणार नाही. परंतु त्यांचे म्हणणे साक्ष का होऊ शकले नाही, हे सांगणे अजूनही शक्य आहे.